स्वादुपिंडाच्या आजारानंतर किंवा ऑपरेशननंतर आलेली शुगर : खानदेशातल्या घरांसाठी पायरीपायरीने

नेहमीच्या डायबेटिसचे सल्ले गल्लीत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत कुठेही मिळतात. भात सोडा, तेल बंद करा, मेथ्या भिजवून प्या, सकाळी उपाशीपोटी लांबवर चालून या, रात्रीचं जेवण टाळा. स्वादुपिंड खराब झाल्यामुळे किंवा कापून काढल्यामुळे ज्याला शुगर झाली आहे, त्याने हे सगळं पाळलं तर माणूस वाळत जातो आणि एखाद्या रात्री शुगर इतकी खाली उतरते की उचलून दवाखान्यात न्यावं लागतं. माझ्या मिस्टरांच्या स्वादुपिंडात खडे होते, वारंवार सूज यायची, शेवटी शेपटाकडचा भाग काढावा लागला. अमळनेरला आमच्या घरात इन्सुलिन, जेवण पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल आणि स्वयंपाक या तिन्हींचा मेळ तेव्हापासून मी घालते. सुरुवातीला कुणी एका जागी बसवून जे सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. इन्सुलिनचे युनिट आणि गोळ्यांचे डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं, ते मी सांगते.

१. ही कोणती शुगर आहे ते आधी पक्कं करून घ्या

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं, साधारण १५ सेंटीमीटर लांब. त्याची कामं दोन. एक, जेवण पचवणारा रस आतड्यात सोडायचा. त्यातल्या लायपेजने तेल-तूप पचतं, अमायलेजने भाकरी-भातातलं पिष्ट आणि प्रोटीएजने डाळ-दुधातली प्रथिनं. दोन, रक्तातली शुगर सांभाळायची. त्यासाठी इन्सुलिन शुगर खाली आणतं आणि ग्लुकॅगॉन ती वर उचलतं. १८८९ साली स्ट्रासबर्गला मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला डायबेटिस झाला. या अवयवाचा आणि शुगरचा संबंध तेव्हा उघड झाला.

स्वादुपिंड निकामी झालं की इन्सुलिन, ग्लुकॅगॉन आणि पाचक रस, तिन्ही कमी पडतात. इन्सुलिन कमी, म्हणून शुगर वाढते. ग्लुकॅगॉन कमी, म्हणून एकदा खाली गेलेली शुगर आपोआप वर येत नाही. पाचक रस कमी, म्हणून खाल्लेल्यातलं किती अंगी लागेल याचा भरवसा नाही. डॉक्टर याला टाइप ३सी म्हणतात. वारंवार सूज येणारा पॅनक्रिएटायटिस, खडे, सूज येऊन स्वादुपिंडाचा भाग मरणं, गाठ, आणि ऑपरेशन ही त्याची नेहमीची कारणं.

ऑपरेशन झालं असेल तर नेमका कोणता भाग काढला हे विचाराच. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शेपटाकडे जास्त दाट असतात, त्यामुळे तो भाग गेला की शुगरवर परिणाम जास्त. डोक्याकडचा भाग काढला असेल, म्हणजे व्हिपल ऑपरेशन, तर पचनाचा त्रास जास्त दिसतो. पूर्ण स्वादुपिंड काढलं असेल तर पहिल्या दिवसापासून इन्सुलिन लागतं आणि ते कधीच थांबवायचं नसतं.

पहिली फसगत इथेच होते. शुगर दिसली की फाइलवर टाइप २ लिहिलं जातं, पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच वाचतो आणि गोळ्या वाढत जातात. म्हणून नव्या डॉक्टरांसमोर बसल्याबसल्या पहिलं वाक्य हे बोला : "साहेब, आधी स्वादुपिंडाचा आजार झाला, शुगर त्याच्यानंतर आली." मग या तपासण्यांबद्दल विचारा. सी-पेप्टाइडवरून शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतं ते कळतं. जीएडी अँटिबॉडी टाइप १ ओळखायला मदत करते. सीटी स्कॅन किंवा एमआरसीपी (स्वादुपिंड आणि पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय) स्वादुपिंडाची अवस्था दाखवतं. आणि मलातलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडातून येणारं एक एन्झाइम : ते २०० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर पचनरस कमी असल्याची शंका, १०० च्या खाली असेल तर कमतरता बरीच आहे असं धरतात. कॅप्सूल चालू असल्या तरी ही तपासणी सहसा करता येते. जुलाबासारखा पातळ नमुना मात्र देऊ नका, आकडा खोटा कमी येतो.

याची उलट बाजूही लक्षात असू द्या. पन्नाशीनंतर घरात कुणाला शुगर नसताना एकदम शुगर निघाली, वजन भराभर उतरतंय, पाठीपर्यंत जाणारं पोटदुखणं आहे किंवा डोळे पिवळे दिसतात, तर नुसत्या शुगरच्या गोळ्या घेऊन घरी येऊ नका. स्वादुपिंडाची तपासणी करून घ्या. गाठ कधीकधी अशीच पहिल्यांदा दिसते.

२. कागद आणि सामान एका पिशवीत

अमळनेर, चोपडा, शहादा, शिरपूर, कुठूनही निघालात तरी मोठा डॉक्टर जळगाव, धुळे किंवा नाशिकला असतो. एक कागद घरी राहिला की अख्खा दिवस आणि भाडं वाया. आमची पिशवी अशी :

- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद (कोणता भाग काढला, प्लीहा काढली का, हे त्यात असतं)
- काढलेल्या भागाचा बायोप्सी रिपोर्ट
- सीटी, एमआरसीपीचे रिपोर्ट आणि सीडी
- सी-पेप्टाइड, इलास्टेज, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा सरासरी अंदाज), हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी आणि बी१२ यांचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले
- शुगरची वही
- चालू औषधांची यादी किंवा रिकामी पाकिटं
- आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड असेल तर तेही, आणि प्रत्येकाची झेरॉक्स
- सिकलसेलची (रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली असेल तर ते कार्ड

घरात लागणारं सामान : ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप, इन्सुलिन, त्याच इन्सुलिनच्या मापाची सिरींज किंवा पेन, पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल, ग्लुकोज पावडर, ओआरएसची पाकिटं, वजनकाटा. वापरलेल्या सुया टाकायला झाकणाची जाड प्लास्टिक बाटली ठेवा. उकिरड्यावर फेकलेली सुई कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसते.

शुगरच्या वहीत आकड्याच्या शेजारी चार गोष्टी लिहा : काय खाल्लं, किती युनिट, कॅप्सूल घेतली का, शौचाला कशी झाली. शेवटचा रकाना बघून डॉक्टर कधी हसले नाहीत, उलट त्यावरूनच त्यांनी डोस बदलला आहे.

३. आधी पचन बसवा

शौच चिकट, तेलकट, फिकट रंगाची, पाण्यावर तरंगणारी, दोनदा पाणी टाकूनही न जाणारी आणि फार घाण वासाची होत असेल, तर खाल्लेलं तेल-तूप न पचता बाहेर पडतंय. सोबत गॅस, पोट फुगणं, वजन उतरणं. या आजाराचा माणूस भरपूर जेवूनही बारीक होतो आणि घरचे म्हणतात शुगरने खाल्लं. बऱ्याचदा त्यात पचनाचाही मोठा वाटा असतो.

उपाय म्हणजे पॅनक्रिएटिनच्या कॅप्सूल. पाकिटावर १०,०००, २५,००० किंवा ४०,००० असा आकडा असतो, तो लायपेजच्या युनिटचा. मोठ्या माणसाला पूर्ण जेवणासोबत साधारण ४०,००० ते ५०,००० युनिटपासून आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करतात, मग शौच आणि वजन बघून वाढवतात. एक १०,०००ची कॅप्सूल दुपारी घेऊन "फरक पडत नाही" म्हणणारी मंडळी मला सारखी भेटतात. त्या मापात फरक पडणारही नाही.

घ्यायची पद्धत डोसइतकीच महत्त्वाची. कॅप्सूल जेवणाआधी अर्धा तास नको, जेवण झाल्यावर हात धुताना नको. पहिल्या घासाला घ्या, आणि दोन-तीन घ्यायच्या असतील तर एक पहिल्या घासाला, बाकीच्या जेवणाच्या मध्ये. कणकेत मीठ मळून सगळीकडे पोचावं तशी ती जेवणात मिसळली पाहिजे. चावायची नाही, कुटायची नाही, गरम चहासोबत गिळायची नाही. गिळता येत नसेल तर उघडून आतले दाणे थंड, किंचित आंबट घासात, सफरचंदाच्या गरासारख्या, मिसळून न चावता गिळतात. पण आधी डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही. ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ, मुस्लिम घरंही आहेत. आधी माहीत असलं की घरात बसून, आपल्या महाराजांना किंवा मौलानांना विचारून निर्णय घेता येतो. निम्म्या वाटेवर कळलं तर माणूस गुपचूप कॅप्सूल बंद करतो आणि डॉक्टरांनाही सांगत नाही, ते जास्त धोक्याचं. दुकानात मिळणारं पाचक सिरप किंवा हिंगाष्टक चूर्ण ही जागा भरून काढत नाही.

डोस पुरेसा असून शौच सुधारत नसेल तर जठरातल्या आम्लाने एन्झाइम निकामी होत असेल. आम्ल कमी करणारी गोळी जोडायची का, ते विचारा.

आणि हे लाल शाईने वहीत लिहून ठेवा. कॅप्सूल नीट सुरू झाली की जेवण अंगी लागायला लागतं आणि शुगर वाढते. कॅप्सूलने शुगर बिघडवली असं समजून ती बंद करू नका, इन्सुलिनचा डोस त्याप्रमाणे बसवून घ्या. याच्या उलट, इन्सुलिन टोचलं आणि कॅप्सूल राहून गेली, तर सुई आपलं काम करते आणि जेवण तसंच आतड्यातून निघून जातं. शुगर धाडकन खाली. म्हणून सुई आणि कॅप्सूल नेहमी जोडीने.

४. गोळ्या आणि इन्सुलिन

अगदी सुरुवातीला थोडी शुगर असेल तर मेटफॉर्मिनवर भागतं, पण तिने जुलाब, मळमळ किंवा वजन कमी होणं वाढलं तर लगेच सांगा. बाकीच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांना नावानिशी विचारा. टेनेलिग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन या गटाच्या गोळ्या आणि वजन कमी करणारी लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड ही औषधं, पॅनक्रिएटायटिस होऊन गेलेल्यांना सहसा टाळतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटात, शरीरात इन्सुलिन फार कमी असेल तर कीटोन (चरबी जळून तयार होणारं आम्ल) वाढण्याचा धोका असतो. ग्लिमेपिराइडने शुगर एकदम खाली जाऊ शकते. यातली गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

बहुतेकांना आज ना उद्या इन्सुलिन लागतंच. "सुई लागली म्हणजे शेवट आला" हे आपल्याकडे फार बोललं जातं. इथे स्वादुपिंडातून जे येत नाही ते बाहेरून भरायचं आहे, एवढंच ते आहे. साधारणपणे दिवसभर पुरणारं एक आणि जेवणासोबतचं एक, असे दोन प्रकार देतात. जेवणाचं इन्सुलिन साधं असेल तर सुमारे अर्धा तास आधी, जलद असेल तर जेवायला बसतानाच. ज्याच्या भुकेचा नेम नाही, त्याला जलद इन्सुलिन जेवल्यानंतर लगेच घेता येईल का ते विचारा. ताटात किती जाईल हे माहीत नसताना सुई टोचून बसणं अवघड असतं.

सिरींजची चूक जीवावर बेतते. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा प्रति मिली ४० युनिटची असते, पेनमधलं काडतूस १०० युनिटचं. ४० ची सिरींज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरींजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो. मेडिकलमधून बाटली घेताना तिच्यावरचा आकडा आणि सिरींजवरचा आकडा तिथेच काउंटरवर ताडून बघा. पेनचं काडतूस सिरींजने ओढून वापरू नका.

सुईची जागा रोज थोडी सरकवा. एकाच ठिकाणी टोचून गाठ झाली की इन्सुलिन कधी मुरतं, कधी नाही, आणि शुगर का नाचते हे कुणालाच कळत नाही.

५. शुगर खाली गेली तर

या आजारात मला जास्त भीती वाढलेल्या शुगरची वाटत नाही, उतरलेल्या शुगरची वाटते. वर उचलणारं ग्लुकॅगॉनच कमी असल्यामुळे ७० वरून ४० वर जायला वेळ लागत नाही. ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला की उपाय सुरू करायचा, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर.

घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, अडखळतं बोलणं, नजर शून्यात. वारंवार शुगर उतरत राहिली की ही लक्षणं जाणवेनाशी होतात. मग घरच्यांच्या डोळ्यांवर आणि मीटरवरच भिस्त.

लगेच १५ ग्रॅम साखर पोटात गेली पाहिजे : अर्धा कप पाण्यात चहाचे तीन चमचे भरून साखर किंवा ग्लुकोज. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० च्या खालीच असेल तर परत तेवढंच. आकडा वर आल्यावर थोडी भाकरी किंवा पोळी, कॅप्सूलसोबत. बिस्किट, पेढा, शेव, चॉकलेट हे पहिला उपाय म्हणून देऊ नका. बिस्किटातलं पिष्ट फोडायला स्वादुपिंडाचाच रस लागतो आणि पेढ्यातलं तूप साखरेला उशीर लावतं. साखरपाण्याला स्वादुपिंड लागत नाही, ते थेट आतड्यातून जातं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आता शेतकरी घरांसाठी. शेतीची लाईट कित्येक आठवडे रात्रीची असते. दहा वाजता मोटर चालू करायला एकटा माणूस निघतो, चिखलात बारे मोडत दोन-तीन तास फिरतो आणि बांधावरच शुगर उतरते. इन्सुलिन घेणाऱ्याने रात्री पाणी भरायला जायच्या आधी शुगर तपासलीच पाहिजे, १०० च्या आसपास किंवा खाली असेल तर खाऊन निघायचं, खिशात साखरेची पुडी, मोबाइल चार्ज, आणि जमेल तितकं कुणाला तरी सोबत न्यायचं. कष्टाचा परिणाम काही तासांनी, पहाटे झोपेतही दिसतो, म्हणून परत आल्यावर पुन्हा तपासणी. अशा रात्रीचा डोस वेगळा हवा का, हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून घ्या. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचं दुपारचं जेवण मुकादम सोडेल तेव्हा होतं. त्यांनी सकाळी ठराविक इन्सुलिन घेऊन जेवण पुढे ढकलणं अजिबात चालणार नाही. मोटारसायकल चालवण्याआधीही एक थेंब रक्त बघा.

एक गोष्ट मनाला लागते म्हणून लिहिते. कित्येकांचा पॅनक्रिएटायटिस दारूमुळे झालेला असतो आणि गावाला ते माहीत असतं. अशा माणसाची शुगर उतरली, तो झोकांड्या खायला लागला, की लोक म्हणतात पुन्हा ढोसली, आणि पारावर झोपवून निघून जातात. त्याच्या खिशात एक कार्ड ठेवा : "मला डायबेटिस आहे. मी इन्सुलिन घेतो. मी अडखळत असेन तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेन तर १०८." खाली घरचा नंबर. चहाच्या टपरीवाल्याला, गल्लीतल्या पोरांना सांगून ठेवा.

दारू मात्र पूर्ण बंद. मोहाची असो की बाटलीतली, ती स्वादुपिंड उरलंसुरलं जाळते आणि यकृताला साखर सोडू देत नाही, म्हणून इन्सुलिनवर असताना दारूने शुगर रात्रीतून कोसळते. विडी-सिगारेटनेही हा आजार वाढतो, ही गोष्ट दारूच्या गलक्यात राहून जाते.

६. ताट

तेल पूर्ण तोडू नका. वजन आधीच उतरलेलं असतं; कॅप्सूल वाढवून तेल पचवायचं असतं. शेवभाजीवरची तर्री दोन बोटं असेल तर ती वरून काढा, पण भाजी बंद करायची गरज नाही. भरीत, कळण्याची भाकरी, वरण-बट्टी सगळं बसतं, मापात आणि थोडं थोडं. तीन मोठ्या जेवणांपेक्षा पाच-सहा लहान खाणी चांगली सोसतात.

आपल्या पाहुण्यांच्या घरी "शुगर आहे ना, मग कोंड्याची पोळी आणि कच्चं सलाड खा" असं प्रेमाने वाढलं जातं. फार चोथा खाल्ला तर एन्झाइमचं काम अडतं आणि पोट भरून जाऊन खरं अन्न कमी जातं. काकडी-मुळा तोंडी लावण्यापुरता.

पीठ एकदा वजन करून बघा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३५. रोज त्याच वाटीने पीठ घेतलं की भाकरी एकसारखी होते आणि इन्सुलिनचा अंदाज चुकत नाही. रावेर-यावलच्या लोकांनी केळ्याबद्दल विचारायचंच : १०० ग्रॅम गरात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदकं, आणि कमी पिकलेल्या केळ्यात पिष्ट जास्त. म्हणून अख्खं केळं हे मधलं खाणं धरा आणि त्याच्यासोबत कॅप्सूल घ्यायची का ते ठरवून घ्या. चहातल्या थोड्या दुधाला सहसा कॅप्सूल लागत नाही, ग्लासभर दुधाला लागते.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस, पुरणपोळी किंवा खापरावरचे मांडे होणारच. त्या दिवशीचा डोस आधी विचारून ठेवा, रस वाटीने मोजून घ्या, कॅप्सूल वाढवा. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुवा. बोटाला रस लागलेला असला तर मीटर भलताच मोठा आकडा दाखवतं. निर्जळी उपास नको. कानबाईच्या उत्सवात किंवा श्रावणी सोमवारी उपास धरायचाच असेल तर डॉक्टरांशी बोलून, खाऊन-पिऊन धरा. चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जाणाऱ्यांनी इन्सुलिन, कॅप्सूल आणि साखर स्वतःच्या झोळीत ठेवावी, सामानाच्या गाडीत देऊ नये. गाडी पुढे निघून जाते.

७. ऊन आणि लाईट

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात. उघडलेली बाटली बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते. पण मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात "खोलीचं तापमान" हा शब्दच लागू पडत नाही. उघडलेली बाटलीही फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढा.

फ्रिज नसेल किंवा लाईट जात असेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान कोरडं मडकं, त्यात घट्ट डब्यात बाटली, वर ओलं फडकं, सावलीत आणि वाऱ्यावर. आत साधं थर्मामीटर ठेवून खात्री करा. मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा खिडकीच्या उन्हात इन्सुलिन नको. एन्झाइमच्या कॅप्सूल २५ अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि हे कुणी सांगत नाही. उन्हात तापलेल्या कॅप्सूलची ताकद जाते. स्ट्रिपची डबीही घट्ट बंद, सावलीत.

८. ताप, उलटी, जुलाब

जेवण जात नाही म्हणून दिवसभराचं इन्सुलिन पूर्ण बंद करू नका. जेवणाच्या इन्सुलिनचं काय करायचं ते फोनवर विचारा. तीन-चार तासांनी शुगर, घोट घोट ओआरएस. उलट्या थांबत नाहीत, धाप लागते, गुंगी येते किंवा लघवीत कीटोन दिसतात, तर थेट दवाखाना.

९. नियमित तपासण्या

एचबीए१सीचं लक्ष्य अनेकांना ७ च्या आसपास ठेवतात. ज्याची शुगर वारंवार उतरते त्याला थोडं वर ठेवतात, आणि ते योग्य आहे. पण नंदुरबार, धुळे, सातपुड्यातल्या घरांनी एक गोष्ट जरूर सांगावी. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल पुष्कळ आहे, आणि सिकलसेल किंवा मोठा अ‍ॅनिमिया असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. रिपोर्ट छान आणि मीटरवर रोज ३००, असं दिसलं तर मीटरच्या वहीवर विश्वास ठेवा आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांची शुगर सांगणाऱ्या फ्रुक्टोसामाइन तपासणीबद्दल विचारा.

तेल-तूप पचत नाही म्हणजे व्हिटॅमिन ए, डी, ई, के अंगी लागत नाहीत. हाडं ठिसूळ होतात, म्हणून व्हिटॅमिन डी तपासणी आणि हाडांची डेक्सा (घनतेची तपासणी). बी१२सुद्धा. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन आणि पाय वर्षातून एकदा; स्वादुपिंडामुळे झालेली शुगरही डोळे-किडनी बिघडवते.

ऑपरेशनमध्ये प्लीहा काढली असेल तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी झाल्या का ते डिस्चार्ज कार्डावर शोधा. नसतील तर विचारा. अशा माणसाला थंडी वाजून ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या.

१०. खर्च आणि योजना

ऑपरेशन किंवा दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात शिरल्याबरोबर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल शोधा. दाखल होण्याआधी त्याच्याशी बोला, बिल झाल्यानंतर नव्हे, आणि तुमचं ऑपरेशन योजनेच्या यादीत बसतं का ते विचारून घ्या. आधार आणि रेशन कार्डावरचं नाव सारखं नसेल तर तिथेच अडतं. एखाद्या अक्षराचा फरक असला तरी आधी दुरुस्त करा.

महिनोनमहिने लागणारं इन्सुलिन आणि कॅप्सूल या योजनेतून सहसा निघत नाहीत. इन्सुलिनसाठी जिल्हा रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या असंसर्गजन्य रोगांच्या ओपीडीत नाव नोंदवा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मेडिसिनच्या ओपीडीत कागदांची पिशवी घेऊन सकाळी लवकर जा. सरकारी दवाखान्यातून आलेली बाटली ४० ची की १०० ची, तिथेच बघा. आधी पेन वापरत असाल आणि आता बाटली मिळाली, तर सिरींजने भरायला नर्सकडून समोर बसून शिकून घ्या.

कॅप्सूल महाग पडतात. जनऔषधी केंद्रात आणि दोन-तीन मेडिकलमध्ये त्याच ताकदीच्या वेगवेगळ्या कंपन्यांचा भाव विचारा, तुलना लायपेजच्या आकड्याने करा. पैसे कमी पडले म्हणून प्रत्येक जेवणाला अर्धा डोस घेण्यापेक्षा डॉक्टरांना खरं सांगा. तालुक्याच्या गावात ही कॅप्सूल बहुधा मागवावी लागते, म्हणून पाकीट संपायच्या आठ-दहा दिवस आधीच मेडिकलवाल्या भाऊंना सांगून ठेवा.